ओळखीच्या माणसाचं पुस्तक दुसऱ्याच्या हाती देताना

शेजारच्या काकूंचं, ऑफिसातल्या सहकाऱ्याचं, शाळेतल्या बाईंचं, नाहीतर सख्ख्या भावाचं पुस्तक पुण्यात वर्षा-दोन वर्षांनी हातात येतंच. बहुतेक वेळा प्रकाशन समारंभाला जाऊन, प्रत विकत घेऊन, अभिनंदन करून विषय संपतो. कधीतरी मात्र त्यातलं एखादं पुस्तक मनात घर करतं आणि ते आणखी चार जणांनी वाचावं असं वाटायला लागतं. अडचण तिथं सुरू होते. आपण सांगायला जातो पुस्तकाबद्दल, समोरच्याला ऐकू येतं नातं. 'घरचं आहे म्हणून सांगताहेत' असं तो मनात म्हणतो, तोंडानं 'वाचतो हं' म्हणतो आणि विसरून जातो.

यात पुस्तकाचा दोष क्वचित असतो. सांगणारा लेखकाचं भलं डोळ्यांपुढं ठेवून बोलत असतो आणि ते लपत नाही. त्याऐवजी समोरच्या वाचकाला काय मिळेल याचा विचार करून बोललं, की शब्द बदलतात, तपशील बदलतात, कुणाला सांगायचं हेही बदलतं. पुढची सगळी कृती त्यासाठी आहे.

एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. समजा, तुमच्या मावशींनी कात्रजच्या नळावर पुस्तक लिहिलं आहे. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत बांधलेला आणि निव्वळ उतारावर चालणारा पाण्याचा भुयारी मार्ग, त्याच्या वाटेवरचे उच्छ्वास (हवा बाहेर पडण्यासाठी बांधलेले उभे झरोके) आणि त्या पाण्यावर भरणारे पेठांतले हौद, असा विषय. पानं १७६, म्हणजे सोळा पानांचे अकरा फर्मे. किंमत ३०० रुपये. नळ खरा आहे, पुस्तक उदाहरणापुरतं धरलेलं आहे.

आधी स्वतःची खात्री

लेखकानं सही करून दिलेली भेटप्रत घरात ठेवा आणि दुसरी प्रत पैसे देऊन विकत घ्या. 'चि. अमुक हिस सप्रेम' असं लिहिलेली प्रत कुणाला वाचायला देता येत नाही; दिली तर पुस्तक उघडताच समोरच्याला पुन्हा नातंच दिसतं. शिवाय खिशातून तीनशे रुपये गेले की पुस्तक तेवढ्याचं आहे का, हे आपोआप तपासलं जातं.

पुस्तक दोनदा वाचा, मध्ये निदान आठवडा जाऊ द्या. पहिल्या वाचनावर विसंबू नका. मावशी एखादं वाक्य कशा म्हणतील, कुठं थांबतील, कुठं हसतील, हे तुम्हाला माहीत असतं, त्यामुळे कागदावर जे नाही तेही तुम्हाला ऐकू येतं. अनोळखी वाचकाच्या वाट्याला फक्त छापलेलं वाक्य येतं. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या आणि जिथं जिथं 'हे मला माहीत होतं म्हणून कळलं' असं वाटेल तिथं समासात टिंब द्या. 'आबांच्या वाड्यासमोरचा हौद' असं मजकुरात असेल आणि आबा कोण हे कुठंच सांगितलं नसेल, तर तिथं टिंब. पूर्ण पुस्तकात अशी पाच-सात टिंबं आली तर चालतं. दर पानावर यायला लागली, तर ते पुस्तक घरच्या आणि ओळखीच्या लोकांसाठी आहे असं समजा आणि शिफारसही तेवढ्याच वर्तुळात ठेवा.

टिंबं नीट पडत नसतील तर मधली कुठलीही दोन पानं मोठ्यानं वाचा. लेखकाच्या आवाजात ऐकू येणारं पुस्तक स्वतःच्या आवाजात वाचलं की अडखळण्याच्या जागा उघड्या पडतात.

मग एका कागदावर तीन गोष्टी लिहा: आवडलेले तीन उतारे, पानांच्या क्रमांकासह, एक उणीव, आणि इतरत्र सहजी न मिळणारी एखादी गोष्ट. हा कागद जपून ठेवा, पुढं प्रत्येक टप्प्यावर लागतो. तीन उतारे सापडत नसतील तर तुम्हाला पुस्तक आवडलेलं नाही, लेखक आवडतो. तेव्हा शिफारस करू नका.

न करता काय करायचं, हेही सांगायला हवं, कारण याच जागी लोक खोटं बोलतात. 'मावशींचं पुस्तक आलंय, शनिवारी संध्याकाळी प्रकाशन आहे' ही बातमी आहे आणि बातमी कळवण्यात काहीच गैर नाही. तिच्यामागं 'जरूर वाचा' जोडलं की ती शिफारस होते. आणि मावशींनी 'कसं वाटलं?' विचारलं, तर जे एक प्रकरण खरोखर बरं वाटलं त्याचं नाव घेऊन, त्यातलं काय आवडलं ते सांगा. एवढं प्रत्येक पुस्तकाबद्दल खरं बोलता येतं.

नातं पहिल्या वाक्यात, नेमक्या शब्दांत

नातं शेवटी सांगितलं तर आधीचं सगळं पुसलं जातं. मधल्यामध्ये सांगितलं तर ओघात दडवल्यासारखं दिसतं. म्हणून ते पहिल्याच वाक्यात येऊ द्या. 'माझ्या एका परिचितांचं' हा शब्द टाळा. सख्खी मावशी, चुलत दीर, माजी विद्यार्थी, त्याच सोसायटीतले सभासद, जे असेल ते. मराठीत नात्यांना नेमके शब्द आहेत, ते वापरा.

पुस्तकाच्या कामात हात असेल तर तोही सांगा. हस्तलिखित वाचलं होतं, मुद्रितशोधन केलं, मुखपृष्ठासाठी छायाचित्र दिलं, प्रस्तावना लिहिली, छपाईसाठी पैसे दिले, यांपैकी काहीही. पुण्यातला वाचक पुस्तक हातात घेतल्यावर अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश आधी चाळतो. तिथं तुमचं नाव दिसलं आणि तुम्ही ते सांगितलेलं नसलं, तर या पुस्तकाबद्दलचाच नव्हे, तुम्ही पुढं सांगाल त्या प्रत्येक पुस्तकाबद्दलचा विश्वास जातो.

समाजमाध्यमांवर मोठा अनुयायीवर्ग असणाऱ्यांसाठी ही केवळ सभ्यतेची बाब राहिलेली नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत, एखाद्या वस्तूची भलामण करताना हितसंबंध उघड करायला सांगितलं आहे आणि त्यात पैसे व फुकट वस्तूंबरोबर कौटुंबिक व व्यक्तिगत संबंधही धरले आहेत. ॲमेझॉनवर तर लेखकाच्या घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी अभिप्राय लिहिण्यालाच मनाई आहे. असे अभिप्राय काढून टाकले जातात. प्रकाशनानंतरच्या आठवड्यात सगळ्या चुलत-मावस भावंडांनी मिळून पाच-पाच तारे दिले, तर पुस्तकाचा तोटाच होतो. त्या गर्दीत अनोळखी वाचकाचा खरा अभिप्रायही संशयास्पद दिसायला लागतो. तिथं न लिहिता जिथं नातं सांगून लिहिता येतं तिथं लिहा.

एका परिस्थितीत नातं सांगूनही भागत नाही: समोरचा माणूस तुम्हाला 'नाही' म्हणू शकत नसेल तेव्हा. साहेबांनी हाताखालच्या लोकांना, शिक्षकांनी विद्यार्थ्यांना, घरमालकांनी भाडेकरूंना आपल्या नातेवाइकाचं पुस्तक सुचवू नये, विकू तर मुळीच नये. वर्गात सांगायचंच असेल तर ग्रंथालयात दोन प्रती ठेवून, 'तिथं आहे' एवढंच सांगावं. कोण वाचतं याची विचारणा करू नये.

कुणाला सांगायचं

सोसायटीच्या ग्रुपवर अडीचशे जणांना एकदम पाठवलेला मजकूर कुणालाच उद्देशून नसतो. कागद घेऊन दहा नावं लिहा आणि प्रत्येकापुढं दोन गोष्टी नोंदवा: या माणसानं अलीकडं शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक कुठलं, आणि सध्या तो कशात गुंतलेला आहे. दोन्ही रकाने कोरे राहिले तर त्या माणसाला आधी विचारा, 'हल्ली काय वाचताय?' उत्तर ऐकल्याशिवाय पुस्तकाचं नाव काढू नका.

नळाच्या पुस्तकासाठी अशी यादी कशी दिसेल? रविवारी वारसा फेरीला जाणारी मैत्रीण. पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलेले निवृत्त अभियंते. स्थानिक इतिहासाचा प्रकल्प करून घेणाऱ्या शिक्षिका. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद ही नावं रोज तोंडी असणारे, पण हौद म्हणजे काय हे मुलांना सांगताना अडणारे पेठेतले आई-बाबा. हे चौघे तेच पुस्तक वेगवेगळ्या पानावरून वाचायला घेतील. मैत्रिणीला नकाशांचं प्रकरण दाखवायचं, अभियंत्यांना उतार आणि उच्छ्वास यांच्यावरचं, शिक्षिकेला हौदांचं. म्हणून त्या कागदावर तीन उतारे लागतात, एकानं भागत नाही.

वाचण्याची सोयही बघा. सत्तरीच्या पुढच्या वाचकासाठी टाईपाचा आकार हा पहिला प्रश्न असतो, विषय दुसरा. पान उघडून दाखवा, वाचता येतं का विचारा. जाड पुठ्ठा बांधणीचं चारशे पानी पुस्तक अंथरुणात पडून वाचणाऱ्याला पेलत नाही. रोज पीएमपीच्या बसनं तास-दीड तास जाणाऱ्याला छोटी प्रकरणं हवी असतात. आणि ज्याच्या घरी नुकतंच आजारपण किंवा मृत्यू झाला आहे, त्याला त्याच विषयावरचं पुस्तक, कितीही चांगलं असलं तरी, आपणहून देऊ नका. त्यानं मागेपर्यंत थांबा.

दहातली चार-पाच नावं खोडली जातील. ती खोडली जायलाच हवीत.

मजकूर

लेखी शिफारस ऐंशी ते सव्वाशे शब्दांत बसवा. मोबाइलवर एका नजरेत एवढंच मावतं. त्याहून लांब मजकुराला 'आणखी वाचा' दाबावं लागतं आणि ते बहुतेक जण दाबत नाहीत. असा एक नमुना:

'कात्रजच्या नळावरचं हे पुस्तक माझ्या सख्ख्या मावशीनं लिहिलंय आणि त्याचं दुसरं मुद्रितशोधन मी केलंय, हे आधी सांगते. पंप नसताना शनिवारवाड्यात पाणी कसं पोचत होतं, असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी ते आहे. उच्छ्वास कशासाठी बांधले आणि आज ते कुठं दिसतात हे पान ४२ ते ५८ मध्ये नकाशांसह आहे. ते बरोबर घेऊन चालत जाता येतं. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्याआधी शहरात पाणी कुणाला मिळत होतं आणि कुणाला नाही, यावरचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. नकाशे बारीक छापलेत, भिंग लागेल. गोष्टीसारखं सलग वाचायला हवं असेल तर हे पुस्तक नव्हे. १७६ पानं, ३०० रुपये. माझ्याकडं वाचायला द्यायला एक प्रत आहे.'

यात नातं आहे, पुस्तक कुणासाठी हे आहे, उघडून बघता येतील अशी पानं आहेत, एक उणीव आहे, कुणासाठी नाही हे आहे, आणि शेवटी प्रत कशी मिळेल ते आहे. 'अप्रतिम', 'संग्राह्य', 'खिळवून ठेवणारं', 'प्रत्येकानं वाचलंच पाहिजे असं' हे शब्द कुठंच नाहीत. अनोळखी लेखकाबद्दल असे शब्द वापरले तर ते निदान उत्साहाचे वाटतात, मावशींबद्दल वापरले की मायेचे वाटतात आणि माया पुस्तकाच्या बाजूनं साक्ष देऊ शकत नाही. पान ४२ ते ५८ देऊ शकतात, कारण ती कुणालाही तपासता येतात.

उणीव लिहिताना हात थरथरतो, पण तेच वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. मात्र ती खरी आणि वाचकाच्या उपयोगाची असावी. 'इतकं छान की लवकर संपलं' ही उणीव नव्हे, आणि ते सगळ्यांना कळतं. बारीक नकाशे, सूची नसणं, मधल्या दोन प्रकरणांत तीच माहिती परत येणं, शुद्धलेखनाच्या चुका, यांचा वाचकाला आधी अंदाज आला तर तो पुस्तक मध्येच टाकत नाही. लेखकाबद्दलचं काही उणिवेत घालू नका. 'वयाच्या मानानं बरंच केलंय' हे वाक्य पुस्तकालाही कमी करतं आणि मावशींनाही.

मोठ्या लेखकाशी तुलना करू नका. वाचक ती तुलना डोक्यात ठेवूनच पहिलं पान उघडतो, आणि चांगलं पुस्तकही त्या मोजपट्टीवर तोकडं पडतं. लेखकानं किती कष्ट घेतले, किती वर्षं लागली, आजारपणात कसं पूर्ण केलं, हेही शिफारशीत नको. ते वाचून माणूस दयेपोटी प्रत घेतो, वाचत नाही.

उतारा द्यायचा तर आठ-दहा ओळींचा द्या, पानाच्या क्रमांकासह. प्रताधिकार कायदा १९५७ मध्ये समीक्षा-परीक्षणासाठी वाजवी उद्धरणाला वाव आहे, अख्खं प्रकरण छायाचित्रं काढून पाठवायला नाही. कवितासंग्रहाच्या बाबतीत ही गल्लत फार होते: चौदा ओळींची कविता पूर्ण टाकली म्हणजे एक पूर्ण कृतीच टाकली. कवी ओळखीचाच आहे, त्यामुळे आधी विचारा आणि कुठली कविता बाहेर जावी हे त्यालाच ठरवू द्या. पुस्तकाची पीडीएफ तुमच्याकडं मुद्रितशोधनासाठी आलेली असेल तर ती मोबाइलमधून काढून टाका. एका भाच्यानं 'फक्त तुझ्यासाठी' म्हणून पुढं पाठवलेली फाईल महिन्याभरात लेखकाकडंच परत येते.

बालसाहित्यासाठी यातलं काही लागत नाही. त्या वयाच्या एका मुलाला वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा मागितलं तर त्याच्या आई-बाबांना एवढंच कळवा.

समोरासमोर

चहाच्या वेळी सांगणार असाल तर पुस्तक बरोबर न्या. मिनिटभर बोला: नातं, विषय, आणि 'तुम्हाला हे का सांगतोय'. मग खुणेचा कागद घातलेलं पान उघडून हातात द्या आणि गप्प बसा. अर्धं पान वाचायला मिनिट-दीड मिनिट लागतं. या वेळात 'आता बघ, पुढं काय आहे' असं बोललं की वाचन तुटतं. वाचून झाल्यावर समोरच्यानं पान उलटलं तर प्रत देऊन टाका, पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं तर विषय बदला.

दिलेली प्रत परत येण्यासाठी पहिल्या कोऱ्या पानावर स्वतःचं नाव आणि 'वाचून परत' एवढं लिहा, वहीत तारीख नोंदवा. तीन-चार आठवड्यांनी एकदा विचारायचं, आणि तेही 'उच्छ्वासांचं प्रकरण बघितलंत का?' असं, एका जागेबद्दल. 'वाचलंत का?' या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं, आणि 'नाही' म्हणायची वेळ आणली की माणूस तुम्हाला टाळायला लागतो. दुसऱ्यांदा विचारू नका. प्रत परत मागायची असेल तर दुसऱ्या कुणाला द्यायची आहे असं सांगून मागा, आणि खरोखर द्या.

पुस्तक मिळतं कुठं, हे आधी बघा

शिफारस जमली आणि पुस्तकच मिळालं नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. कारण साधं आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती बऱ्याचदा काही शे ते हजार प्रतींची असते, सगळ्या दुकानांत ती पोचत नाही, आणि लेखकानं स्वतः छापलेलं पुस्तक तर कित्येकदा त्याच्या घरातल्या खोक्यांतच असतं.

'अप्पा बळवंत चौकात मिळेल' हे पुरेसं नाही. तिथल्या पुष्कळ दुकानांत शालेय, महाविद्यालयीन आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असतात. साहित्याची दुकानं वेगळी शोधावी लागतात. चौकात किंवा जवळच्या बाजीराव रस्त्यावर ज्या दुकानात प्रत आहे, तिथं स्वतः फोन करून खात्री करा आणि वाचकाला दुकानाचं नाव द्या. गाडी लावायला जागा मिळणं कठीण, तेव्हा मेट्रोनं कसबा पेठ किंवा मंडई स्थानकावर उतरून चालत जायला सांगा. दुकानदाराला द्यायची माहिती एका ओळीत तयार ठेवा: पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखकाचं मुखपृष्ठावर छापलेलं नाव, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, किंमत आणि मागच्या बाजूचा तेरा आकडी आयएसबीएन. 'पाण्याची वाट', 'आठवणींचा झरा' अशा नावांची पुस्तकं एकाहून अधिक असू शकतात. आकडा असला की चुकीची प्रत येत नाही. घरी हाक मारायचं नाव आणि छापलेलं नाव वेगळं असेल, तर तेही लक्षात ठेवून सांगा.

डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो (२०२३ पासून). प्रकाशकाचा गाळा तिथं असेल तर वाचकाला बरोबर घेऊन जाण्यासारखी दुसरी सोय नाही; तो प्रत हाताळतो, शेजारची दहा पुस्तकं बघतो आणि ठरवतो. नको असेल तर नको म्हणायलाही त्याला जागा मिळते.

बाहेरगावच्या वाचकाला पाठवायची असेल तर टपाल खात्याची ज्ञान पोस्ट ही सेवा १ मे २०२५ पासून आहे. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. १७६ पानांचं साध्या बांधणीचं डेमी आकाराचं पुस्तक साधारण सव्वादोनशे ग्रॅम भरतं, म्हणजे वेष्टनासह पहिल्याच टप्प्यात बसतं. टपाल जमिनीच्या मार्गानं जातं, त्यामुळे वेळ लागतो. पावसाळ्यात आधी प्लॅस्टिक, त्यावर पुठ्ठा, मग कागद. पुठ्ठा न घालता पाठवलं तर कोपरे दुमडूनच पोचतात.

ग्रंथालयाकडून

एका ग्रंथालयातली एक प्रत वर्षात दहा-बारा घरांत जाऊ शकते, त्यामुळे हा मार्ग सोडू नका. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून. याखेरीज उपनगरांत कितीतरी छोटी ग्रंथालयं आहेत. तुम्ही जिथं सभासद आहात तिथून सुरुवात करा. ग्रंथपालांना मागणी लेखी द्या आणि तिच्यात वर सांगितलेली एका ओळीतली माहिती द्या. 'लेखिका माझ्या मावशी आहेत' हे इथंही लिहा. तिघा-चौघा सभासदांनी खरोखर वाचायचं असेल तरच स्वतंत्र मागणी नोंदवावी. एकाच हस्ताक्षरातल्या चार मागण्या ग्रंथपालांच्या लगेच लक्षात येतात.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ खाली मान्यता असलेल्या ग्रंथालयांची पुस्तकखरेदी बरीचशी अनुदानावर चालते आणि ती वर्षातून ठरावीक वेळी एकगठ्ठा होते. म्हणून आज मागितलेलं पुस्तक चार महिन्यांनी येऊ शकतं. नकार समजू नका.

देणगी म्हणून प्रत देणार असाल तर आधी विचारा. न विचारता काउंटरवर ठेवलेल्या प्रती दाखल नोंदवहीत चढत नाहीत, कपाटावर पडून राहतात. घ्यायला तयार असतील तर ती देवघेव विभागात जाणार की संदर्भ विभागात, हे स्पष्ट विचारा. संदर्भात गेलेलं पुस्तक घरी नेता येत नाही. नळाच्या पुस्तकासाठी देवघेव योग्य. नोंद झाली की ज्यांना वाचायचं आहे त्यांना दाखल क्रमांक कळवा. नव्या पुस्तकांच्या मांडणीवरून ते उतरून आत गेलं, की कुणी नाव घेऊन मागितल्याशिवाय बाहेर येत नाही.

वाचनकट्ट्यावर

ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ किंवा सोसायटीतल्या वाचनकट्ट्यावर पुस्तक घ्यायचं ठरलं, तर बारा जणांना चार-पाच प्रती आणि सहा आठवडे पुरतात. सूत्रसंचालन तुम्ही करू नका. नव्वद मिनिटांतली पहिली सत्तर मिनिटं लेखकाशिवाय होऊ द्या, शेवटच्या वीस मिनिटांना लेखकाला बोलवा. मावशी पहिल्यापासून समोर बसल्या तर सगळे शाल-श्रीफळाच्या भाषेत बोलतात, 'प्रकरण पाच मला कळलं नाही' असं कुणी म्हणत नाही, आणि मग मावशींना तरी काय मिळणार? त्यांना ही रचना आधी सांगून ठेवा, म्हणजे दाराबाहेर ताटकळल्याचं वाईट वाटत नाही.

एखाद्यानं 'मला नाही आवडलं' म्हटलं तर पुस्तकाची बाजू लढवू नका. कुठल्या पानावर सोडलं, एवढं विचारा आणि नोंदवून ठेवा.

आणि लेखकाशी

शिफारशीचा मजकूर लेखकाला आधी दाखवायचा नाही. दाखवला की उणिवेचं वाक्य हमखास बाहेर पडतं. मजकूर गेल्यावर कळवा. किती जणांना सांगितलं, कुणी घेतलं, कुणी नुसतंच चाळून परत केलं, याचा हिशेब लेखकाला देऊ नका. रस्त्यात भेटल्यावर ते त्या माणसाला विचारतात आणि तो तुमच्यावर नाराज होतो. वाटण्यासाठी फुकट प्रती मागू नका. छपाईचा खर्च कित्येकदा लेखकानंच केलेला असतो, आणि फुकट मिळालेलं पुस्तक वाचलं जाण्याची शक्यताही कमी.

वाचकांकडून आलेलं एक मात्र लेखकापर्यंत पोचवायलाच हवं: चुका. चुकलेलं साल, उलट छापलेला नकाशा, गाळलेली ओळ, समासातल्या टिंबांच्या जागा. वहीत चार रकाने पाडा: पान, ओळ, छापलेलं, हवं असलेलं. मिळेल तशी भर घाला आणि दुसऱ्या आवृत्तीचं बोलणं निघालं की ते पान मावशींच्या हातात द्या.